चिपी, रत्नागिरी, मोपा: विमानतळाजवळ ड्रोन उडवायचा तर अंतर रस्त्याने मोजू नका

भोगव्याचा बाबू

दिवाळी झाली की आमच्या होमस्टेवर येणाऱ्या गाड्यांच्या डिकीत हटकून ड्रोन असतो. खोली बघायच्या आधी प्रश्न येतो, "काका, इथे उडवला तर चालतो ना?" यावर आपल्या किनाऱ्यावर मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. एक, "उडवा हो, कोण बघतंय." दुसरं, "सरपंचांच्या कानावर घालतो, काही होत नाही." आणि तिसरं, "विमानतळ लांब राहिला इथून." पहिली दोन चुकीची आहेत हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. तिसरं मात्र त्याला खरंच वाटत असतं, म्हणून हा धागा.

देवबागहून चिपीला गाडीने निघा. आधी उलटं मालवणच्या दिशेने जायचं, मग खाडीवरचा पूल गाठायचा, मग परुळ्याच्या बाजूला चढायचं. चांगला तास मोडतो. पण देवबागच्या संगमावर उभं राहून कर्ली खाडीच्या पलीकडे बघितलंत तर जो सडा (कातळाचं पठार) दिसतो, धावपट्टी त्याच सड्यावर आहे. सरळ रेषेत देवबाग आणि आमचं भोगवे दोन्ही पाच किलोमीटरच्या आत भरतात. तारकर्ली त्या पाचच्या रेषेच्या अवतीभवती. निवती थोडी पुढे. मालवण शहर आठ ते बाराच्या पट्ट्यात, आणि सिंधुदुर्ग किल्ला आठच्या रेषेच्या इतका जवळ की डोळ्याने ठरवायच्या भानगडीत पडू नये. म्हणजे पर्यटक ज्या जागांसाठी ड्रोन घेऊन येतात, त्या बहुतेक सगळ्या या वर्तुळांत आहेत.

ही वर्तुळं २०२१ च्या ड्रोन नियमांतून आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सरकारने जाहीर केलेल्या हवाई नकाशातून आली. विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटरपर्यंत लाल. पाच ते आठ पिवळं, अगदी जमिनीपासून. आठ ते बारामध्ये ६० मीटरपर्यंत हिरवं आणि त्याच्या वर पिवळं. बाराच्या बाहेर, दुसरं काही आड येत नसेल तर, १२० मीटरपर्यंत हिरवं. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही नाही. पिवळ्यात तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. हिरव्यात परवानगी नको, पण म्हणून बाकीचे नियम सुटत नाहीत.

पुन्हा सांगतो, मोजायचं कुंपणापासून. टर्मिनलच्या दारापासून नाही आणि गूगलच्या निळ्या रस्त्याने तर नाहीच.

ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांनी भर घालावी. चुकलं असेल तिथे बिनधास्त टोका.

कॅमेरावाला कुडाळ

बाबूशेठ, धागा चांगला आहे पण थोडा घाबरवणारा आहे. मी लग्नाची आणि प्री-वेडिंगची कामं करतो. माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे, म्हणजे नॅनो. नॅनोला लायसन्स नाही, इन्शुरन्स नाही. मग हे लाल-पिवळं मला कशाला? आणि एवढंसं प्लास्टिक विमानाला काय करणार? घार त्याच्यापेक्षा जड असते.

सडेकर

कुडाळकर, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय.

नॅनोला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही आणि थर्ड पार्टी विमाही लागत नाही, इथवर बरोबर. पण लाल-पिवळे पट्टे हे हवेचे नियम आहेत, वजनाचे नाहीत. २४९ ग्रॅमचा ड्रोन लाल पट्ट्यात गेला म्हणून पट्टा हिरवा होत नाही.

आणि तो २४९ चा आकडा कंपनीच्या साध्या बॅटरीचा आहे. तुमच्यासारखे कामवाले लोक जास्त वेळ मिळावा म्हणून मोठी बॅटरी घालतात. ती घातली की वजन २५० च्या वर जातं. नियम उडताना असलेलं एकूण वजन बघतो, खोक्यावर छापलेलं नाही. वर फिल्टर, पंख्यांचे गार्ड, रात्रीसाठी चिकटवलेला दिवा. किचनमधल्या वजनकाट्यावर सगळ्या जामानिम्यासकट ठेवून बघा एकदा. २५० च्या वर आणि २ किलोपर्यंत तो मायक्रो. मायक्रो हौसेसाठी उडवलात तर प्रमाणपत्रातून सूट आहे, पण तुम्ही लग्नाचे पैसे घेता. तिथे सूट संपली. शिवाय विमाही आला. नोंदणी करून मिळणारा ओळख क्रमांक तर नॅनोलाही लागतो.

प्रमाणपत्राचा बाऊ करू नका. वय १८ ते ६५, दहावी पास, डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण आणि परीक्षा, मग ते दहा वर्षं चालतं. पूर्वी पासपोर्ट लागायचा म्हणून गावाकडची पोरं अडायची. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा गाडीचं लायसन्सही चालतं.

न्यूजर्सीचा नारळ

घारीच्या मुद्द्यावर. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला वणवे पेटले होते तेव्हा एकाने पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन सोडला, बघायला की आग कुठवर आली. दोन-अडीच किलोमीटरवर गेल्यावर तो त्याला दिसेनासा झाला आणि पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला जाऊन धडकला. पंखाला भोक. पायलटांना धक्का कळलासुद्धा नाही, उतरल्यावर समजलं. आग पेटलेली असताना ते विमान दुरुस्तीला उभं राहिलं. तो ड्रोन मिनी वर्गातलाच होता, २५० ग्रॅमच्या आतला. घारीला हाडं असतात. ड्रोनमध्ये मोटरी आणि लिथियमची बॅटरी असते.

माझ्या इकडच्या घराजवळ छोटा विमानतळ आहे, हवाई नियंत्रणाचा टॉवर नसलेला. अमेरिकेत अशा ठिकाणी हवा नियंत्रित नसेल तर परवानगी लागत नाही, पण विमानाला वाट देणं ड्रोनवाल्यावर बंधनकारक. टॉवर असलेल्या विमानतळाभोवती नकाशावर चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येकात किती फुटांपर्यंत लगेच परवानगी मिळेल ते लिहिलेलं असतं. कुठे ४००, कुठे १००, कुठे शून्य. फोनवरून अर्ज केला की त्या मर्यादेत असेल तर काही सेकंदांत उत्तर. २०१८ पासून हे देशभर पसरलं. आपल्याकडेही तसं झालं तर लोक आपणहून विचारतील. परवानगी सोपी नसली की माणूस न विचारता उडवतो, हा मनुष्यस्वभाव.

अजून एक. ड्रोनच्या ॲपने अडवलं नाही म्हणजे चालतंय असं समजणारे इथेही भरपूर आहेत. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने २०२५ च्या त्याच जानेवारीत इथली सक्तीची अडवणूक काढून नुसते इशारे ठेवले. ॲप तुमचा वकील नाही.

रापणकर

परवानगेचा ऱ्हवांदे, आमका इचारता कोण? सकाळी रापण (किनाऱ्यार ओढून घेतत ता मोठा जाळा) ओढताना डोक्यार घों घों करत येतत. पोरां वर बघत ऱ्हवतत, दोर सुटता. गेल्या वर्साक एक खाली पडलो तो जाळ्यात. वर आमकाच इचारता, "मामा, माझो ड्रोन खंय?" माशांबरोबर काढून दिलो.

निवृत्त टॉवर

मी नोकरीची वर्षं विमानतळांवर काढली आहेत (कोकणात नव्हे), म्हणून पट्टे असे का आखले ते सांगतो. नियम पाठ करण्यापेक्षा हे लक्षात राहतं.

उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उताराने येतं. म्हणजे धावपट्टीपासून जितके किलोमीटर लांब, त्याला ५२ ने गुणा, तितके मीटर ते धावपट्टीच्या वर. पाच किलोमीटरवर २६० मीटर. तीनवर १५५ च्या आसपास. दोनवर १०५. आता तुमचा ड्रोन १२० मीटरवर "नियमात" आहे असं म्हणता, तर दोन किलोमीटरवर तो विमानाच्याही वर आहे.

चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची, पूर्व-पश्चिम. समुद्राकडून येणारं विमान शेवटचे काही किलोमीटर पाण्यावरून, खाडीच्या तोंडावरून येतं. संगमाचा सुंदर शॉट घ्यायला ड्रोन नेमका तिथेच वर जातो.

आता वेळेचा हिशोब. एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान, उतरताना ताशी २०० किलोमीटरच्या आसपास, सेकंदाला ५५ मीटर धरा. तीन किलोमीटरला एक मिनिटही लागत नाही. छोटा ड्रोन सेकंदाला तीन-चार मीटरने खाली येतो, म्हणजे १२० मीटरवरून ३० ते ४० सेकंद. त्यात आधी आवाज ऐकू यायला हवा. समोर लाटा, कानावर वारा आणि कुठल्या तरी स्पीकरवर गाणं. आवाज आला, मान वर केली, विमान कुठून येतंय ते शोधलं, मग स्टिक खाली ओढली. हिशोब कुठेच जुळत नाही. म्हणून "विमान आलं की उतरवतो" हा बेत नव्हे. विमान यायची शक्यता आहे तिथे वर जायचंच नाही, हाच बेत.

"दिवसाला विमानं ती किती, वेळापत्रक बघून उडवतो" असंही ऐकलंय. वेळापत्रकात उशीर नसतो, खासगी विमान नसतं, मंत्र्यांचं हेलिकॉप्टर नसतं, रुग्णाला घेऊन जाणारं तर नसतंच.

मिऱ्या बंदर

टॉवरसाहेब, +१. रत्नागिरीची गोष्ट वेगळी आहे आणि ती बाहेरच्यांना कळतच नाही. इथे प्रवासी विमान दिसत नाही, म्हणून लोक म्हणतात विमानतळ बंदच आहे. मिरजोळ्याचा तळ तटरक्षक दलाकडे आहे. त्यांची विमानं आणि हेलिकॉप्टरं तिथून उडतात, त्यांना तिकिटं नसतात म्हणून आपल्याला वेळा कळत नाहीत. शहराचा बराचसा भाग पाच किलोमीटरच्या आत आहे. भगवती किल्ला आणि भाट्ये पाचच्या थोडे बाहेर, म्हणजे तिथे जमिनीपासूनच परवानगी. आरे-वारे आठच्या आसपास. गणपतीपुळे बाराच्या बाहेर पडतं, पण तिथे गर्दीच्या डोक्यावर उडवायचं की नाही हा वेगळा विषय, आणि देवस्थानाला विचारावं हे वेगळं सांगायला नको.

हेलिकॉप्टरला उताराचा हिशोबही लागू नाही. बोट उलटली, खलाशी अडकले की ते किनाऱ्याला धरून खालून येतं. ताशी वेग जास्त, उंची तुमच्या ड्रोनइतकी, आणि विमानं दाखवणाऱ्या ॲपवर ते दिसेलच याची खात्री नाही. समुद्रात काही बचावकार्य चाललंय असं दिसलं की ड्रोन पेटीत. तो शॉट कितीही भारी असू दे.

कॅमेरावाला कुडाळ

वजन करून बघितलं. सडेकर, तुम्ही जिंकलात.

आता खरा प्रश्न. डिसेंबरात एक जोडपं आहे पुण्याचं. त्यांना देवबागचा संगमच हवाय, वरून. रिसॉर्टवाला म्हणतो, "आमच्या आवारात उडवा, आमची जागा आहे." पोलीस ठाण्यात अर्ज देऊन शिक्का घेतला तर भागेल का?

वेंगुर्ल्याची मंजू

कुडाळकर, मी वकिली करते, फुकटचा सल्ला समजा.

रिसॉर्टची मालकी जमिनीवर. हवेवर नाही. तो फार तर तुम्हाला त्याच्या अंगणातून हाकलू शकतो किंवा उभं राहू देऊ शकतो. सरपंचांचं पत्र, पोलीस पाटलांना फोन, ठाण्याचा शिक्का, या सगळ्याचा उपयोग गावात वाद होऊ नये इतकाच, आणि तेवढ्यासाठी जरूर करा. पण पोलीस ठाणं लाल पट्ट्यातली परवानगी देऊ शकत नाही. शिक्का म्हणजे तुम्ही कळवलंत याची पोच, परवानगी नव्हे.

उलटं मात्र होऊ शकतं. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी हिरवा भागसुद्धा तात्पुरता लाल करू शकतो, एका वेळी ९६ तासांपर्यंत. मोठ्या नेत्याचा दौरा, जत्रा, किनाऱ्यावरचा बंदोबस्त. शिवाय जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश वेगळे निघतात, भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. ते डिजिटल नकाशावर नसतील, पण ठाण्यात नक्की माहीत असतात. म्हणून मी सांगते, नकाशा त्याच दिवशी सकाळी बघा आणि ठाण्यात एक फोन करा. परवानगी मागायला नव्हे, मनाई आहे का विचारायला.

ड्रोन नियमांखाली दंड एक लाखापर्यंत आहे. पण दंडाने गोष्ट संपते असं समजू नका. कोणाला लागलं, विमानाला धोका झाला तर इतर कायदे उभे राहतात. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आलाय. ड्रोनसाठी वेगळ्या विधेयकाचा मसुदाही सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये हरकतींसाठी मांडला. सैल होण्याकडे कल दिसत नाही. अपघात झाला तर ४८ तासांत कळवायचं असतं, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं.

किल्ल्यांचं वेगळंच. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. हवेचा पट्टा हिरवा असला तरी तिथल्या ड्रोन चित्रीकरणाला खात्याची परवानगी लागते. यातले पहिले तीन जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा डोळे आणखी उघडे असणार.

बांद्याचा भाचा

आमच्याकडे विमानतळ नाही म्हणून मी निवांत होतो. हा धागा वाचून नकाशा उघडला. मोपा गोव्यात, आम्ही महाराष्ट्रात, पण त्याच्या वर्तुळाला राज्याची हद्द माहीत नाही! बांदा आत सापडतंय. २०२३ च्या जानेवारीत तिथे विमानं सुरू झाली, त्याच्या आधी काढलेले माझे गावाचे सगळे व्हिडिओ आता पुन्हा काढायचे तर परवानगी हवी.

भोगव्याचा बाबू

भाचा, हेच. आणि उत्तरेकडच्यांनी हसू नये. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. उरण-पनवेलकडच्यांनी जुन्या नकाशावर विसंबू नये. त्या बाजूला बंदर आणि इतर महत्त्वाची ठिकाणंही आहेत, तारापूरला तर अणुवीज केंद्र. विमानतळ नसला तरी लाल ठिपके निघतातच.

मंजूताई, मनाई विचारायला फोन, हे पटलं. पाहुण्यांना असंच सांगेन.

खारवारा

परवानगीवर बरंच झालं, जरा उडवण्यावर बोलू. मी आठवड्याला समुद्रावर उडवते, हिरव्या भागात. आपल्या किनाऱ्याच्या काही खोडी आहेत ज्या पुण्यात शिकलेल्या माणसाला माहीत नसतात.

सकाळी मतलई वारे असतात, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी काचेसारखं, लोकांना वाटतं उडवायला हीच वेळ. ड्रोन समुद्राकडे सोडला की वाऱ्याबरोबर मजेत जातो, बॅटरीही फारशी खात नाही. परतताना तोच वारा तोंडावर, आणि वर गेलं की तो खालच्यापेक्षा जास्त. अर्धी बॅटरी उरली म्हणून वळलात तर किनारा गाठेलच असं नाही. दुपारी उलट. खारे वारे समुद्राकडून येतात, जोर जास्त, पण निदान ड्रोन घराकडे ढकलला जातो. मी सकाळी साठ टक्क्यांवरच वळते. लोक हसतात. त्यांचे ड्रोन तळाशी आहेत.

दुसरं, उंची. पडद्यावर दिसणारा आकडा तुम्ही जिथून उडवला तिथपासूनचा असतो. कड्यावरून, सड्याच्या टोकावरून उडवून पुढे समुद्रावर गेलात की पडद्यावर ५० दिसतं आणि खाली पाणी १०० मीटरवर असतं. नियम जमिनीपासूनचा आहे. मालवणसारख्या आठ-बाराच्या पट्ट्यात, जिथे ६० चीच मुभा, तिथे हा घोळ सहज होतो.

तिसरं, आणि हे कोणी सांगत नाही. "घरी परत ये" बटणाची उंची. सेटिंगमध्ये ती बऱ्याच वेळा १०० किंवा १२० ठेवलेली असते, माडांवरून सुखरूप यावा म्हणून. तुम्ही शहाण्यासारखे ४० मीटरवर उडवताय, सिग्नल तुटला, आणि ड्रोन आपणहून १०० ला चढून परत निघाला. म्हणजे ६० ची मर्यादा त्याने मोडली, तुम्ही नाही, पण चलन तुमच्या नावावर. उंच माड २५-३० मीटरचा. त्या पट्ट्यात ही उंची ५० ठेवली तर माडही चुकतात आणि नियमही.

समुद्री गरुडांचं रापणकरांनी सांगावं.

रापणकर

गरुडाचा घरटा सुरूच्या नायतर मोठ्या झाडार असता. थंडीत पिल्लां असतत. ड्रोन बघल्यार तो सरळ येता, पाय फुडे करून. घारी तर टोळीनच येतत मासे सुकत घातलेल्या जाग्यार. ड्रोनाचा जावंदे, त्या पाखराचो पाय तुटता.

आणि एक. जानेवारी २०२५ पासून मत्स्यखात्याचे ड्रोन फिरतत, परप्रांतीय आणि एलईडी दिवे लावन मासे धरणाऱ्या बोटी पकडूक. ते आमका होये होते. आता वर घों घों ऐकला की खात्याचो की पावण्याचो, ह्या खलाशाक कसा कळतला?

सडेकर

रापणकर, खात्याचा खोल समुद्राकडे जातो. पाहुण्याचा तुमच्या टोपलीवर घिरट्या घालतो.

निवृत्त टॉवर

खारवारा, "घरी परत"चा मुद्दा लाख मोलाचा. मी त्याला एक जोडतो. विमान किंवा हेलिकॉप्टर दिसलं तर ते बटण दाबायचं नाही. ते आधी चढतं, आणि चढणं हेच तेव्हा नको असतं. सरळ खाली, जिथे आहे तिथे, पाण्यात बुडाला तरी चालेल. ड्रोन नवा येतो.

(आता तोही सहज येत नाही म्हणा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. कुरियरने मागवलेला किंवा काकांनी दुबईहून आणलेला ड्रोन विमानतळावर अडला तर आश्चर्य नको.)

कॅमेरावाला कुडाळ

पुणेकर जोडप्याशी बोललो. संगमाचा हट्ट सोडायला तयार नव्हते, नवरदेवाने तर "आमच्या ओळखी आहेत" इथपर्यंत नेलं. मग त्यांना टॉवरसाहेबांचा ५२ चा गुणाकार करून दाखवला. नवरी इंजिनीअर निघाली, तिनेच विषय बंद केला.

संगम जमिनीवरून आणि होडीतून काढतो, वरचे शॉट आचऱ्याला. नकाशात बघितलं, विमानतळाच्या वर्तुळाबाहेर आहे, खाडीही आहे, माडही आहेत. फरक कोणाला कळणार नाही, मालवणी माणूस सोडून. तारखेच्या सकाळी पुन्हा बघेन. प्रमाणपत्राच्या वर्गाला नावही घालतोय, मोठी बॅटरी सोडवत नाही.

अजून कुठल्या जागा सुचतात?

वेंगुर्ल्याची मंजू

सागरेश्वर, शिरोडा-वेळागर. दोन्ही चिपीपासून लांब आणि मोपापासूनही. कुणकेश्वरला देवस्थानाशी आधी बोला, यात्रेच्या दिवसांत तर विचारूच नका. विजयदुर्गला गेलात तर किल्ला सोडून खाडीकडे तोंड करा.

भोगव्याचा बाबू

होमस्टेच्या दारावर लावायला बोर्ड लिहितोय. मजकूर असा: "विमानतळ सरळ रेषेत अगदी जवळ आहे. इथे ड्रोन उडवता येत नाही. कुठे उडवता येईल ते सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर बघा किंवा आम्हाला विचारा, जागा सुचवू. रापण चालू असताना किनाऱ्यावर कुठेही उडवू नये." किलोमीटरही घालू का?

सडेकर

घालू नका. पाहुणा गाडीच्या मीटरने मोजून भांडायला येईल. नकाशाचा क्यूआर कोड चिकटवा, आणि तो लॅमिनेट करून, नाहीतर खाऱ्या हवेत महिनाभरात पुसेल.

रापणकर

रापणेची ओळ वर घेवा, मोठ्या अक्षरान.